चाल आधी, शब्द मागाहून: एका पहिल्या अल्बमचं प्रकरण

गाणारा एकच आहे. मायक्रोफोनही एकच. तो एक ओळ गातो, ती रेकॉर्ड होते, मग हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज ऐकत तीच ओळ तो त्यावर पुन्हा गातो. मग पुन्हा. तीच ओळ दोनदा गायली तरी ती तंतोतंत तशीच कधी येत नाही. एखादा स्वर केसभर अलीकडे लागतो, एखादा श्वास किंचित उशिरा सुटतो, शेवटचं अक्षर एखाद्या वेळी जरा जास्त लांबतं. हे केसभराचे फरक एकावर एक साचत गेले की कानाला एक माणूस ऐकू येईनासा होतो आणि घोळका ऐकू यायला लागतो. एकट्या माणसाने स्वतःच्याच आवाजाचा जमवलेला घोळका.

'फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो' हा, 'बोन इव्हेअर' या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननचा पहिला अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा यातलं मला काहीच माहीत नव्हतं. कावीळ झाली होती, महिनाभर अंथरुणात होते, पुस्तक धरलं तरी हात भरून यायचे. एका मैत्रिणीने नऊ गाणी पाठवली आणि सोबत एवढंच लिहिलं: "अगं, हाही यकृताच्या दुखण्यानेच पडून होता. ऐक." पहिलं गाणं संपलं तेव्हा मला एकही वाक्य धड कळलेलं नव्हतं, आणि डोळ्यांचं पाणी मात्र थांबत नव्हतं. आजारपणात माणूस हळवा होतो, हे मान्य. पण बरी झाल्यावरही तेच झालं. काही वर्षांनी पुन्हा ऐकलं तेव्हाही तेच. शब्द हाती लागत नाहीत आणि तरी गाणं आत उतरतं, हे घडतं कसं, एवढ्या एका प्रश्नासाठी मी या अल्बमचं प्रकरण मुळापासून उलगडायला घेतलं.

झालं ते असं

जस्टिन व्हर्ननचा जन्म १९८१चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर शहरातला. शाळेपासूनच तो बँडमध्ये वाजवत होता. पुढे मित्रांबरोबरचा 'डीयारमंड एडिसन' हा बँड घेऊन २००५ साली तो नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली शहरात राहायला गेला. तिथे वर्षभरात बँड फुटला. बाकीच्या तिघांनी 'मेगाफॉन' नावाने नवा बँड काढला, हा एकटा राहिला. त्याच सुमारास प्रेमाचं नातंही संपलं. वर मोनोन्यूक्लिओसिसचा, म्हणजे एका विषाणूमुळे येणारा, ताप आला आणि तो यकृतावर उतरला, त्यात कित्येक आठवडे अंथरुणात गेले.

पडल्यापडल्या तो 'नॉर्दर्न एक्सपोजर' ही अलास्कातल्या एका छोट्या गावावरची टीव्ही मालिका बघत असे. तिच्यातल्या एका प्रसंगात मोसमातला पहिला बर्फ पडतो आणि गावकरी बाहेर येऊन एकमेकांना फ्रेंचमध्ये 'चांगला हिवाळा जावो' अशा शुभेच्छा देतात. 'बोन इव्हेअर' हे नाव तिथून आलं. मूळ फ्रेंच शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक न उच्चारला जाणारा 'एच' आहे. तो त्याने गाळला, कारण तसं लिहिलेलं पाहिलं की त्याला 'लिव्हर' आठवायचं.

२००६च्या नोव्हेंबरमध्ये तो गाडी घेऊन विस्कॉन्सिनला परतला आणि राज्याच्या वायव्य भागातल्या जंगलात वडिलांचं शिकारीसाठी बांधलेलं लाकडी खोपटं होतं, तिथे जाऊन राहिला. जवळजवळ तीन महिने. सरपण फोडायचं, हरणाची शिकार करून मांस साठवायचं, असे दिवस. अल्बम करायला तो गेलाच नव्हता. लोकांपासून लांब जायचं, एवढंच डोक्यात होतं. पण रेकॉर्डिंगचं थोडं सामान गाडीत होतं: कुठल्याही तालमीच्या खोलीत सापडतो तसा शुअर कंपनीचा एसएम ५७ मायक्रोफोन, सिअर्सच्या दुकानात मिळणारी जुनी सिल्व्हरटोन गिटार, आणि एक कॉम्प्युटर. गाणी हळूहळू त्यावर साठत गेली. काही थोडं नंतर बाहेर जोडलं. शीर्षकगीतातली पितळी वाद्यं खोपट्यातली नाहीत, ती दुसऱ्यांनी वाजवलेली आहेत.

हे सगळं कच्चं काम आहे, पुढे कधीतरी स्टुडिओत नीट करू, असंच त्याला वाटत होतं. ऐकणाऱ्या मित्रांनी सांगितलं, आहे तसंच बाहेर काढ. २००७ साली त्याने स्वतःच ५०० सीडी काढल्या. ऑक्टोबरमध्ये 'पिचफोर्क' या संगीतपरीक्षणाच्या संकेतस्थळाने १०पैकी ८.१ गुण देऊन परीक्षण छापलं. मग 'जॅगजॅगुवार' या कंपनीने करार केला आणि १९ फेब्रुवारी २००८ला अल्बम रीतसर प्रकाशित झाला, मे महिन्यात युरोपात 'फोर एडी' या कंपनीने काढला. नऊ गाणी, सुमारे ३७ मिनिटं.

'पहिला अल्बम' म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बोन इव्हेअर या नावाने हा पहिला, पण व्हर्नन नवशिका नव्हता. बँडमधली वर्षं होती, स्वतःच्या नावाने थोड्या प्रती काढलेले अल्बम होते, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला होता. याकडे पुढे पुन्हा येते.

आधी आवाज

माझ्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे, म्हणून इथे जरा थांबते.

चाल आधी की शब्द आधी, हा सुगम संगीतातला जुना वाद. चालीवर शब्द बसवणाऱ्याला कमी लेखायची सवय आपल्याला आहे. कविता आधी असावी, चाल तिच्या मागून यावी, हेच जास्त खानदानी. संगीतकार 'डमी' शब्दांवर चाल गुणगुणतो, ला-ला-ला करतो, आणि मग गीतकार त्या मीटरमध्ये खरे शब्द बसवतो. डमी शब्द फेकून द्यायचे असतात, हे गृहीतच असतं.

व्हर्ननने ते फेकले नाहीत. आधी तो शब्दांवाचून गायचा. चाल, आणि तोंडातून आपसूक निघतील ते निरर्थक उच्चार. मग ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि त्या उच्चारांमध्ये कुठले शब्द ऐकू आल्यासारखे वाटतात ते कागदावर उतरवायचं. म्हणजे आपल्याच गाण्याचा पहिला श्रोता होऊन, नीट न कळलेले शब्द अंदाजाने लिहून काढायचे. आपण अंथरुणात पडून परक्या भाषेतलं गाणं ऐकताना जे करतो तेच, फक्त त्याने ते स्वतःच्याच आवाजावर केलं.

याचा परिणाम ओळींमध्ये दिसतो. छापील शब्द वाचले तर वाक्यं मधूनच तुटतात, प्रतिमा एकमेकींना धक्का देत येतात, एखादा शब्द कोशात सापडतो पण वाक्यात तो का आहे हे सांगता येत नाही. काय झालं, कोण गेलं, कोणाची चूक, याचा सरळ हिशेब कुठेच नाही. एम्मा कोण, हे तर श्रोत्यांनी सतत विचारलं. एम्मा म्हणजे कुणी एक व्यक्ती असं समजू नका, तो मनाने अडकून पडायचा एक काळ, एक जागा आहे, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं.

आता आवाजाकडे. बँडमध्ये असताना तो बराच खालच्या पट्टीत, भरदार आवाजात गायचा. इथे जवळजवळ सगळा अल्बम त्याने फॉल्सेटोत गायला, म्हणजे गाणारे ज्याला खोटा आवाज म्हणतात त्यात. या आवाजात स्वरतंतू ताणून पातळ होतात, त्यांच्या नुसत्या कडा थरथरतात आणि ते पुरते मिटत नाहीत. त्यामुळे हवा निसटत राहते, आवाजात फुंकर मिसळते. ज्याला आपण खोटा म्हणतो तोच आवाज इथे सगळ्यात उघडा वाटतो, कारण त्यात लपवायला जोरच उरत नाही. आवाज चिरकला तर चिरकलेला ऐकू येतो.

फुंकर मिसळली की व्यंजनं बोथट होतात. त्यात तीच ओळ अनेकदा गाऊन एकावर एक ठेवली की प्रत्येक थरातला 'त' किंवा 'क' किंचित वेगळ्या क्षणी पडतो आणि कडा आणखी पुसट होतात. उरतात ते आ, ई, ओ. आपल्या भाषेत 'स्वर' हा एकच शब्द अ-आ-इ-ईलाही आहे आणि सा-रे-ग-मलाही. या अल्बममध्ये ते दोन्ही स्वर अक्षरशः एक झालेत. व्यंजनं अर्थ सांभाळतात, ती विरघळली की ऐकणाऱ्याला स्वतःचा अर्थ आत ठेवायला जागा होते.

शिवाय गिटार. 'स्किनी लव्ह' या गाण्यासाठी तिच्या तारा नेहमीसारख्या न लावता अशा लावल्यात की डाव्या हाताने काही न दाबता नुसत्या सुट्या तारा छेडल्या तरी पूर्ण स्वरमेळ वाजतो. खालचा षड्ज सतत गुंजत राहतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळतं. गायक वर कितीही डगमगला तरी खाली आधार हलत नाही, म्हणून त्याच्या डगमगण्याची भीती वाटत नाही. आणि हे गाणं खरं तर रागाचं आहे. तारांवर हात जोरात पडतो, शेवटी शेवटी आवाज ओरडण्याच्या काठावर जातो. लोक त्याला हळुवार गाणं म्हणतात तेव्हा मला नेहमी वाटतं, त्यांनी उजवा हात ऐकलाच नाही.

ऐकणाऱ्यांनी काय केलं

श्रोत्यांचा प्रतिसाद म्हटलं की खपाचे आकडे आणि पुरस्कार पुढे येतात. मला जास्त बोलके वाटतात ते लोकांनी या गाण्यांशी केलेले व्यवहार.

पहिला शॉन केरी. ओ क्लेअरमधला ड्रम वाजवणारा तरुण. गाणी हाती आली तेव्हा तो हेडफोन लावून खोलीत बसला आणि सुमारे दोन आठवडे एकेक गाणं कानाने सोडवत राहिला. ताल कुठे आहे, कुठला आवाज वर जातो, कुठला खाली राहतो, हे त्याने लिहून काढलं आणि गाऊन बसवलं. मग व्हर्ननच्या कार्यक्रमाला जाऊन त्याला सांगितलं, मला ही गाणी वाजवता येतात, गाताही येतात. त्याला सोबत घेतलं गेलं आणि तो बोन इव्हेअरचा भाग झाला. या अल्बमवरचं हे सगळ्यात अचूक परीक्षण आहे असं मी मानते. गाण्यात इतके आवाज होते आणि माणूस एकच होता. एका ऐकणाऱ्याला ती रिकामी जागा दिसली आणि तो तिथे जाऊन उभा राहिला. पुढे माइक नॉइस आला, तो कधीकाळी व्हर्ननकडे गिटार शिकलेला.

दुसरा व्यवहार प्रेक्षागृहातला. 'द वुल्व्हज' या गाण्याच्या उत्तरार्धात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, आधी कुजबुजत, मग वाढत वाढत वाद्यांच्या कल्लोळात बुडून जाते. कार्यक्रमांत व्हर्नन श्रोत्यांना ती ओळ आपल्यासोबत गायला सांगायचा. सुरुवातीला लोक हळू गायचे, आणि कल्लोळ वाढला की ओरडायचे, मोकळ्या गळ्याने. या प्रसंगांची ध्वनिचित्रणं मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. खोपट्यात जो घोळका एका माणसाने थर चढवून तयार केला होता, तो इथे हाडामांसाचा होऊन समोर उभा आहे. आणि कोणीही सुरात नाही. तसं रेकॉर्डिंगमधले थरही एकमेकांशी तंतोतंत कुठे जुळत होते! २०१८च्या फेब्रुवारीत, दहा वर्षांच्या निमित्ताने, मिलवॉकीच्या ब्रॅडली सेंटरमध्ये हा अख्खा अल्बम सादर झाला. ती बास्केटबॉलची बंदिस्त जागा, हजारो माणसं मावतील एवढी. एका खोपट्यातल्या सदतीस मिनिटांसाठी.

तिसरी बर्डी. २०११च्या जानेवारीत या चौदा वर्षांच्या इंग्लिश मुलीने 'स्किनी लव्ह' पियानोवर गाऊन प्रसिद्ध केलं आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेलं. तिने चाल संथ केली, आवाज स्वच्छ ठेवला, प्रत्येक शब्द उचलून पुढे ठेवला. राग गेला, हुरहुर राहिली. ते गाणं तिचंच आहे अशा समजुतीत असलेले श्रोते मला आजही भेटतात. मला मूळ गाणं जास्त जवळचं आहे, ते का हे वर लिहिलंच आहे. पण मूळ गाण्यात ज्या गोष्टी झाकलेल्या होत्या त्या तिने उघड्या करून दाखवल्या, हेही खरं. शब्द स्पष्ट ऐकू आल्यावरसुद्धा ते सरळ अर्थ देत नाहीत, हे मला तिच्यामुळे कळलं. तोवर मी दोष माझ्या इंग्रजीला देत होते.

पुरस्काराचं एका वाक्यात: २०१२ साली ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट नव्या कलाकाराचा पुरस्कार बोन इव्हेअरला मिळाला तेव्हा दुसरा अल्बमही येऊन गेलेला होता आणि ते खोपटं सोडून पाच वर्षं झाली होती.

खोपट्याची गोष्ट

या अल्बमबद्दल कुणीही बोलू लागलं की पहिल्या वाक्यात जंगलातलं खोपटं येतं. मैत्रिणीने मला पाठवलं तेव्हा तिनेही यकृत आणि एकांत यांचीच शिफारस जोडली होती. गोष्ट खरी आहे आणि तिने दार उघडून दिलं, यात शंका नाही. ५०० सीडींचा एक अनोळखी अल्बम इतक्या लांबवर पोचायला सांगण्याजोगी गोष्ट लागते.

पण त्या गोष्टीने दोन नुकसानं केली आणि त्यांची मला मनापासून चीड आहे. पहिलं म्हणजे, माणूस मोडला, एकटा पडला आणि त्यातून आपोआप संगीत झिरपलं, असा समज पसरला. आजारी, एकटी, नाती तुटलेली माणसं जगात लाखो आहेत. त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा असावी की त्यांनी बरं व्हावं. दुःखातून काही निर्माण केलंच पाहिजे हा भार आजारी माणसाच्या छातीवर ठेवणं क्रूर आहे. मी महिनाभर पडून होते तेव्हा छताकडे बघण्यापलीकडे काही केलं नाही, आणि ते पुरेसं होतं. व्हर्ननच्या हातून गाणी झाली कारण त्या हातांना दहा-बारा वर्षांचा सराव होता. थर कसे चढवायचे, मायक्रोफोन तोंडापासून किती लांब धरायचा, कुठल्या चुका ठेवायच्या, हे जंगल शिकवत नाही.

दुसरं नुकसान ऐकण्याचं. खोपटं एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक ओळीत बर्फ आणि तुटलेलं प्रेमच शोधलं जातं, आणि गाण्याने मोकळी ठेवलेली जागा गायकाच्या चरित्राने भरून जाते. या दंतकथेचा कंटाळा व्हर्ननने स्वतः नंतर बोलून दाखवला आहे. पुढच्या कामात त्याने पाठोपाठ वाट बदलली. 'वुड्स' या गाण्यात तेच थर यंत्राने वाकवलेल्या आवाजाचे आले, २०१० साली रॅप गायक कान्ये वेस्टने ते आपल्या गाण्यात वापरलं, आणि जंगलातला एकटा दाढीवाला ही प्रतिमा तिथेच निकालात निघायला हवी होती. ती निघाली नाही.

या अल्बमवर एक आक्षेपही घेतला जातो, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. शब्दांना ठाम अर्थ नसेल तर ही भावना म्हणजे निव्वळ वातावरणनिर्मिती, धुकं सोडून डोळे ओले करायची युक्ती, असं काही जाणकार म्हणतात. यातलं धुकं मला मान्य आहे. युक्ती मान्य नाही. युक्ती असती तर दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकताना ती उघडी पडली असती, आणि तिचं अनुकरण करणाऱ्यांच्या बाबतीत ती पडलीही. खोट्या आवाजात गाणारे, घुमणारी गिटार वाजवणारे कितीतरी जण नंतर आले. त्यांचे शब्द मात्र बहुतेक वेळा चरित्र सांगणारे, नीट समजणारे होते, आणि आवाज तेवढा धूसर केलेला. इथे उलट आहे. शब्दच आवाजातून जन्मले आहेत, म्हणून ते त्या आवाजाबाहेर काढून कागदावर ठेवले की तडफडतात. आलापात राग उभा राहतो तेव्हा 'आ'काराचा अर्थ काय, असं आपण विचारत नाही. तिथे आपला विश्वास आहे. गीताकडून मात्र आपण नेहमी पावती मागतो.

शेवटचं गाणं 'री: स्टॅक्स' साडेसहा मिनिटांहून मोठं आहे. एक गिटार आणि आवाज, थर अगदी थोडे. सगळा घोळका घरी गेलाय आणि एकटा माणूस मागे उरलाय असं वाटतं, पण तो आता घाबरलेला नाही. कावीळ उतरणीला लागली तेव्हा मी हे एकच गाणं लावून पडायचे. त्यातल्या एका ओळीत मला 'धुऊन निघालं सारं' अशा अर्थाचं काहीतरी ऐकू यायचं. इंग्रजीत नेमके कुठले शब्द, ते ठाऊक नव्हतं. तो अर्थ कानाने आपला आपण लावला होता, आणि त्या दिवसांत मला तोच हवा होता. मी ती ओळ मराठीतच गुणगुणायचे, चाल तीच ठेवून.

पुढे छापील शब्द मिळाले. ती ओळ तशी नव्हती. जवळपासही नव्हती.

हे प्रकरण लिहायला घेतल्यावर त्या मैत्रिणीला फोन केला आणि विचारलं, त्या जागी तुला काय ऐकू येतं? तिने क्षणभर विचार केला आणि फोनवर ती ओळ गाऊन दाखवली. तिचे शब्द माझ्यासारखे नव्हते, छापील ओळीसारखेही नव्हते. मी म्हटलं, "अगं, तिथे खरं काय आहे ते सांगू का?" ती म्हणाली, "नको, राहू दे. ते पुन्हा एकदा म्हणते, थांब." आणि तिने ती ओळ पुन्हा गायली, या वेळी जरा वरच्या पट्टीत. मी खालून साथ धरली.